तीन मिनिटं झाली

आई, काल नात मोबाइलवर तासभर बोलत होती आणि माझी नजर सारखी घड्याळाकडे जात होती. तीन मिनिटांच्या वर कोणी फोनवर बोललं की अजूनही माझा जीव वर-खाली होतो. ही खोड तुझी.

नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तू ट्रंक कॉल जोडायचीस. घरी पाटवडीचा रस्सा ढवळताना तुझा आवाज खणखणीत असायचा, "काहून वं, ताट घे ना!" आणि कानाला हेडफोन लावला की तोच आवाज एकदम शहाणा, इस्त्री केलेला. आठ-नऊ वर्षांची असताना मी एकदा तुझा विसरलेला डबा घेऊन तिथे आले होते. ओळीने बसलेल्या बायका, समोर भोकाभोकांचे बोर्ड, हातात वायरी. मी "आई" म्हटलं, तर तू वळूनसुद्धा बघितलं नाहीस. संध्याकाळी वर ऐकवलंस, "बोर्डावर मी कोनाची माय नाही वं. तिथून लोकाईच्या मयतीचे निरोप जातात." राग आला होता मला, पण अभिमानही केवढा! शाळेत मी तुझी नक्कल करून दाखवायचे.

पुढे मी नर्सिंग शिकायला पुण्याला गेले. दर रविवारी सकाळी बाबा खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडून माझ्या होस्टेलला ट्रंक कॉल लावायचे. एक्स्चेंजमधल्या तुझ्या मैत्रिणी त्या कॉलच्या नोंदीची चिठ्ठी मुद्दाम तुझ्याकडे सरकवायच्या. "नागपूरहून कॉल आहे, बोला," एवढंच तू म्हणायचीस. लाइन नीट आहे ना, हे बघायला मध्येच लाइनवर डोकावायचीस, तेव्हा फोनमध्ये तुझ्या काचेच्या बांगड्या वाजायच्या. आणि मग, कॉलची ठरलेली वेळ भरली की, "तीन मिनिटं झाली." कधी "कशी आहेस" नाही. बाबांकडे तर बोलायला काही नसायचंच. ते पुण्याला थंडी आहे का विचारायचे आणि मी एप्रिलमध्येसुद्धा आहे म्हणायचे.

त्या रविवारी मी आठवडाभराच्या तापातून उठले होते. बाबा म्हणाले, "तुही माय लय काळजी करून राहिली." माझा पाराच चढला. "साऱ्या गावाशी बोलते, मलेच काहून नाही बोलत? तिले पोरगी नकोच होती, बाबा." बाबा हळूच म्हणाले, "असं नाही म्हनू वं." आम्ही दोघंही तुझ्या आवाजाची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. पाच मिनिटं झाली, सात झाली, लाइन तशीच चालू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझ्या हातून वेळ चुकली. शेवटी बाबांनीच फोन ठेवला.

सुट्टीत घरी आले तर तू त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. रस्सा वाढलास, माझ्या वाटीत दोन पाटवड्या जास्त टाकल्यास. मला तेव्हाच तुझा हात धरायचा होता. नाही धरला. वर्षभरात तू गेलीस. बाबांना मी सांगितलं, आई तेव्हा दुसऱ्या कॉलवर असेल असं वाटलं मला, नाहीतर तसं बोलले नसते. बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत खरं मानलं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून तर लिहिता येतंय. मी तसं बोलायच्या आधी बांगड्या वाजल्या होत्या, आई. मी त्या ऐकल्या होत्या.