तपास पूर्ण होईपर्यंत हात लावू नये

ती. वन्सं,

तुमच्या धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (वाकून हे अक्षरशः खरं आहे. घरभर दोऱ्या बांधल्या आहेत आणि दोऱ्यांवर ओले कपडे आहेत, त्यामुळे आमच्याकडे सध्या सगळेच वाकून चालतात.) तुमचा गुडघा आता कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? मुलं काय म्हणतात? आम्ही सगळे सुखरूप आणि दमट आहोत.

हाताशी फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. हा मामंजींचा आग्रह. उभं आयुष्य वजनंमापं तपासण्याच्या खात्यात घालवलेल्या माणसाच्या मते फोनवरच्या बोलण्याला काडीची किंमत नाही, कारण उद्या कोणीही म्हणू शकतो की मी असं बोललोच नव्हतो. म्हणून लेखी. आणि पाकीट बंद करण्याआधी पत्र ते स्वतः वाचणार. त्यात तुमच्याबद्दल तक्रारी असतील हं, असं मी आधीच बजावलं. त्यावर म्हणाले, तक्रार करायचा हक्क सगळ्यांना आहे, तपशील चुकता कामा नये. तेव्हा कंसात कुठे दुरुस्ती दिसली तर ती त्यांची आहे असं समजा. ते समोरच बसलेत आणि मी एकेक पान संपवलं की हात पुढे करतायत.

महिनाअखेरीला तुम्ही त्यांना न्यायला येणार, आणि तेही कायमचं, हे आपलं ठरलेलंच आहे. मागच्या खेपेला तुम्ही जे बोललात ते खोटं नव्हतं. आई गेल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. मी दिवसभर औषधांच्या काउंटरवर उभी, तुमचे बंधुराज त्यांच्या ऑफिसात घरांचे नकाशे काढणार, घरात बोलायला चिटपाखरू नाही. झाकून ठेवलेलं ताट संध्याकाळी तसंच्या तसं दिसायचं. तुमच्याकडे नातवंडं आहेत, तुम्ही स्वतः घरी असता. तुम्ही विचारलंत, माझ्याकडे येता का, आणि ते नुसतं बरं म्हणाले. (हा मजकूर त्यांनी वाचला. दुरुस्ती काही सांगितली नाही.)

तुम्ही परत गेलात आणि दुसऱ्याच आठवड्यात आमचा कपडे वाळवायचा ड्रायर तापेनासा झाला. (मामंजी: 'बिघडला' लिहिलं नाहीस ते बरं केलंस. बिघाड अजून सिद्ध व्हायचाय.) म्हणजे फिरतो छान. आत दिवा लागतो, घरघर होते, कपडे गरागरा फिरतात, वेळ संपली की शिट्टीही वाजते, आणि दार उघडावं तर कपडे गार आणि ओले, फक्त जास्त चुरगळलेले. आता बाहेर ऊन असतं तर मी ड्रायरकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण ऊन कसं असतं तेच आम्ही विसरलोय. मी बटणं बघितली. जाळी काढून तिच्यावरचा कापसासारखा थर साफ केला. तुमच्या बंधुराजांना हाक मारली. ते आले, दोन्ही हात कमरेवर ठेवून मशीनकडे बघत राहिले, मग मशीनच्या डोक्यावर एक थाप मारली आणि आता बघ म्हणाले. मी बघितलं. काहीही फरक नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला, की आत जाताना कपड्यांचं वजन किती होतं?

वन्सं, मामंजी खुर्चीतून उठून आले होते.

त्यानंतर या घरात जे सुरू झालं ते सांगताना माझे हात दुखायला लागलेत, पण सांगायला तर हवंच. त्यांचं म्हणणं असं, की ओला टॉवेल आत टाकण्याआधी तोलायचा, बाहेर काढल्यावर पुन्हा तोलायचा, म्हणजे किती पाणी गेलं ते कळेल, उगाच ओले ओले म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. टॉवेल आत जाताना जेवढा भरला त्याच्यापेक्षा बाहेर येताना जास्त भरला. मी म्हटलं, चला, आपला ड्रायर पाणी बनवतो. पण ते हसले नाहीत. त्यांनी काटा उलटा करून पाहिला, त्याच्यावर मिठाच्या पुड्या ठेवून पाहिल्या, आणि काटा खोटा आहे असा निर्णय दिला. इतकी वर्षं मी त्या काट्यावर पीठ मोजून केक केले, ते फुगायचे सोडून का बसत होते याचा उलगडा झाला, हा त्यातल्या त्यात फायदा.

आता खोट्या मापाचं काय करायचं असतं ते तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. मला नव्हतं. कपाटाच्या वरच्या फळीवरून त्यांची जुनी पेटी खाली आली. तिच्यातून सुतळी निघाली, लाखेची कांडी निघाली. काट्याला सुतळीचे वेढे पडले, गाठीवर लाख ओतली, वर चिठ्ठी लागली: तपास पूर्ण होईपर्यंत हात लावू नये. तीच गत ड्रायरची. मग भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय असं निघालं, ते खाली उतरलं. तापमापक दोन खोल्यांत दोन गोष्टी सांगतो म्हणून तोही गेला. (मामंजी: दोन खोल्यांत वेगळं तापमान असू शकतं. एकाच खोलीत दोन वेगळे आकडे दाखवले म्हणून मोहोरबंद केला. नीट लिही.) बरं, एकाच खोलीत. परिणाम तोच, की आता आम्हाला वेळ कळत नाही, वजन कळत नाही, आणि कपडे वाळत नाहीत.

मी पांढरा कोट ओलसरच घालून कामावर जाते. काउंटरपलीकडची माणसं मला कुडकुडताना बघतात आणि तुम्हीच आधी एक गोळी घ्या म्हणतात. तुमचे बंधुराज ऑफिसातल्या नकाशे छापायच्या मशीनमागे मोजे वाळत घालतात. परवा त्यांच्या साहेबांना एका बंगल्याच्या नकाशाला मोज्याचा वास आला.

शेवटी जीव मेटाकुटीला आला तेव्हा मी मेकॅनिकला बोलावलं. माणूस बरा होता. मामंजींची परवानगी घेऊन मोहोर काढली (त्यावरही साक्षीदार म्हणून मी उभी), मशीन पुढे ओढलं, मागची झाकणी उघडली, आपलं मीटर लावलं आणि सांगून टाकलं. गरम हवा बाहेर सोडणारी मागची नळी भिंतीला लागून चपटी झालीय, हवा आतच कोंडली, मशीन जास्त तापलं आणि आतला छोटा फ्यूज उडाला. नळी सरळ करायची, फ्यूज नवा टाकायचा, काम संपलं. फ्यूज मात्र मागवावा लागेल. मशीन भिंतीला कोणी चिकटवलं असेल हे मी विचारलं नाही. व्यायामाची सायकल ठेवायला जागा कोणी केली ते मला माहीत आहे, आणि ज्यांनी केली ते तुमचे बंधुराज त्या वेळी अतिशय साळसूदपणे खिडकीबाहेर बघत होते. त्या सायकलवरही आता कपडेच आहेत.

पण मामंजींनी मेकॅनिकला विचारलं, तुमचं हे मीटर शेवटचं कधी तपासून घेतलंत? तो म्हणाला, काका, हे कंपनीचं मीटर आहे. मामंजी म्हणाले, कंपनी स्वतःच्या मीटरला वाईट कशाला म्हणेल? तो म्हणाला, मी रोज हेच वापरतो. ते म्हणाले, खोटा काटा वापरणारा दुकानदारही रोज तोच वापरतो. वन्सं, मेकॅनिकचा चेहरा एवढासा झाला. त्याने मीटर गुंडाळून पिशवीत टाकलं, ते मोहोरबंद होण्याआधी. फ्यूज आला की दुकानातून फोन येईल, तो कोणालाही बसवता येईल, असं मला दारातून सांगून तो गेला. (मामंजी: मी त्याचा अपमान केला नाही. प्रश्न विचारला.) आणि लगेच ड्रायरला पुन्हा लाख लागली, कारण तपासलेल्या मीटरने निदान झाल्याखेरीज प्रकरण बंद करता येत नाही म्हणे.

आता ही साथ घराबाहेर पसरलीय. वरच्या मजल्यावरच्या काकू आपला वजनाचा काटा घेऊन आल्या, तो वजन कमी दाखवतो असं निघालं, आणि त्या रडवेल्या होऊन परत गेल्या, पण दुसऱ्या दिवशी रक्तदाबाचं यंत्र घेऊन पुन्हा आल्या. कोपऱ्यावरच्या शिंप्याने टेप पाठवली, ती ताणून ताणून लांब झाली होती. (आमच्या सगळ्यांच्या पँटी आखूड का, हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं.) वाणी तर मामंजी दिसले की हातातलं गिऱ्हाईक सोडून काटा पुसायला लागतो. मी कामावरून येते तेव्हा बैठकीत कोणी ना कोणी मांडीवर काहीतरी घेऊन बसलेलं असतं, आणि मी त्यांच्यामधून वाट काढत, ओल्या चादरी बाजूला सारत चहा ठेवायला जाते. चहा कितीदा ठेवते ते विचारू नका.

तेव्हा वन्सं, आता मी हात टेकले. महिनाअखेरीची वाट कशाला बघता? येत्या रविवारीच या आणि मामंजींना घेऊन जा, सोबत ती लाखेची पेटीही न्या. तुमच्याकडे मोजण्यासारखं पुष्कळ आहे. आम्हाला एकदा कोरडे कपडे घालून, किती वाजले ते बघून, सरळ उभं राहून चालायचंय.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची
दमलेली भावजय

ता. क. हे मी पोस्टाच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय, म्हणजे हे कोणी तपासलेलं नाही. वरचं शेवटचं पान मी चेष्टेत लिहिलं होतं. वाटलं होतं, ते वाचतील, चिडतील, चार दुरुस्त्या सांगतील. त्यांनी ते सावकाश वाचलं, चष्मा काढला, तपशील बरोबर आहे म्हणाले आणि आत गेले. मी मागून गेले तर दोरीवरचे सदरे काढून बॅगेत भरत होते. ओलेच. मी म्हटलं, मामंजी, ओले कपडे बॅगेत भरले तर कुजतील. त्यांनी सदरा चाचपून बघितला, म्हणाले, हो, हे खरं, आधी वाळायला हवेत. आणि पुन्हा दोरीवर घातले. वन्सं, रविवारी येऊ नका. महिनाअखेरीलाही नेऊ नका. गेले काही दिवस ते दोन्ही वेळा जेवतात, आमटीत मीठ जास्त आहे म्हणून माझ्याशी भांडतात, आणि मी कामावरून आले की दार उघडायच्या आधीच आतून दिवसभराच्या हकिगती सुरू होतात. आई गेल्यावर हे घर असं पहिल्यांदाच वाजतंय. तुमचा त्यांच्यावर हक्क माझ्यापेक्षा जास्त आहे, हे मला कळतं. तरी मागते. ते मला इथे हवेत.

ता. क. दुसरा. फ्यूज येऊन पडलाय. मी परवाच दुकानातून घेतला, तेव्हापासून तो माझ्या पर्समध्ये आहे. बसवला तर कपडे वाळतील, बॅग भरेल. म्हणून बसवत नाही. हे तुमच्या बंधुराजांना सांगू नका, ते रोज ओल्या बनियनमध्ये शिंकतायत आणि माझ्यावर विश्वास ठेवून आहेत.

ता. क. शेवटचा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तिकिटं घरी राहिल्याचं लक्षात आलं, आणि पोस्टाची खिडकी बंद झाली होती, म्हणून परत गेले. मामंजींनी न विचारताच तिकिटं हातात दिली आणि म्हणाले, त्या दुकानदाराचा फोन पहिल्यांदा मीच घेतला होता गं, तुला सांगितलं नाही. तो फ्यूज पर्समध्ये ठेवू नकोस, तुझी पर्स ओली असते. कुठेतरी कोरड्या जागी नीट ठेव, आपल्याला घाई नाही. वन्सं, सगळं घर पालथं घातलं, कोरडी जागा कुठे सापडेना. म्हणून फ्यूज या पाकिटात घालून तुमच्याकडे पाठवतेय. सांभाळून ठेवा, आणि मी मागेपर्यंत परत पाठवू नका. भेटायला मात्र जरूर या, येताना टॉवेल आपापले आणा.