‘जुनी पाटी’ कोण?

४ जाने. २००८, अंबड
इंटरनेटवरच्या मराठी फोरमवर आज पुन्हा तेच. लोक ‘आठवणी’ सदरात लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घाचे मुडदे पाडतात. मी ‘शुद्धमती’ नावाने दुरुस्त करते. कुणी आभार मानतात, बाकीचे शिव्या घालतात. चालायचंच. नववीच्या वह्या तपासून तपासून हात थांबत नाही.
नवा सभासद: ‘जुनी पाटी’. लिहितो, ‘निजामाच्या राज्यात माझी शाळा ऊर्दूची होति, मराठी मागून शीकलो.’ दुरुस्त केलं. लगेच उत्तर: ‘आभारी हाये बाई. अजून तपासा.’
अजून तपासा? टिंगल दिसते.

८ जाने.
पाटीबुवांनी हसनाबादच्या बाजारावर लिहिलंय. हसनाबाद! माझं माहेर. शाळेत हे एकट्या देशमुख सरांना ठाऊक. आणि आज सकाळीच स्टाफरूममध्ये म्हणाले, "मॅडम, तुम्ही लई तपासून राह्यल्या बरं का." वह्यांबद्दल म्हणे. मी काय कुकुलं बाळ आहे? पाटी म्हणजे हेच.

११ जाने.
आप्पांचं काहीतरी चाललंय. आई गेल्यापासून ते माझ्याकडे असतात. रोज चारला ‘वाचनालयात पेपर वाचून येतो’ म्हणून जातात. आज भाजी घेताना ग्रंथपाल बाई भेटल्या. वाचनालय रंगकामासाठी केव्हाचं बंद आहे!
आल्यावर विचारलं, "काय म्हणतो पेपर?"
"काय न्हाई. तेच ते."
गुपचूप डॉक्टरकडे तर जात नाहीत? सदऱ्याचे खिसे पाहिले. फुटाण्यांची पुडी निघाली.

१६ जाने.
देशमुख सरांनी तिळगूळ दिला. ‘गोड बोला’वर जरा जास्तच जोर.
घरी येऊन पाटीला झाडलं. ‘आधी लिहायला शिका, मग आठवणी सांगा.’ मग बाकीचेही त्याच्यावर तुटून पडले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ जाने.
पाटी गप्प. जिरली.
आप्पाही गप्प. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठले. दोन दिवस चारला बाहेरही पडले नाहीत. बी.पी. बघायला हवं. विचारलं तर "मला काय धाड भरली?" म्हणाले.

२२ जाने.
शाळेत चार ते पाच मीटिंग. देशमुख सर माझ्यासमोर बसून पेंगत होते. घरी येऊन पाहते तर पाटीचा नवा लेख, वेळ साडेचारची. म्हणजे सर नव्हेत. उगाच पंधरा दिवस त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते.
लेख जसाच्या तसा उतरवते, दुरुस्त न करता:
‘शीकूनच राह्यलो बाई. लेक लहान होति तवा चिमणीपुढं धडा वाचायची. मी शेंगा फोडत बसायचो. म्हणायचो, डोळे दुखून राह्यले, मोठ्यानं वाच. मंग म्हणायचो, परत वाच. तिला वाटायचं बाप तपासून राह्यला. मी शीकत व्हतो.’
आप्पा.
मी चुकले असं समजून तोच धडा पुन्हा पुन्हा वाचायचे. रडकुंडीला यायचे. म्हणजे चुकत नव्हतेच.
आणि ‘लिहायला शिका’ हे मी कुणाला लिहिलं! लाज वाटते. रडून घेतलं, आता डोकं दुखतंय.

२४ जाने.
शाळेतून लवकर निघाले. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत काचेतून आप्पांचा हिरवा मफलर दिसला. एका बोटाने टाइप करत होते. आत जायची हिंमत झाली नाही.
पण घरात कंप्युटर असताना तिथे का? ‘शुद्धमती’ कोण, त्यांना माहीत आहे? कंप्युटर बैठकीतच. मी लिहीत असते तेव्हा माझ्या मागून ये-जा चाललेली असते त्यांची. माहीत असूनही ‘अजून तपासा’ लिहिलं असेल तर…

२७ जाने., रविवार
पाटीचा नवा लेख तसाच सोडला, हात धजला नाही. आज खाली त्याने विचारलंय: ‘बाईनी तपासलं न्हाई. रागावल्या का?’
जेवताना आप्पा म्हणाले, "तू आजकाल कंप्युटरवर बसत न्हाईस. तब्येत बराबर हाये ना?"
माहीत असणार. की सहज विचारलं? तोंडाकडे बघितलं तर भातात वरण कालवत होते.

२८ जाने.
बसले. लेख उघडला. पहिल्याच ओळीत चूक. आप्पा मागे येऊन उभे.
"काय करून राह्यलीस?"
"तपासतेय."
खुर्ची ओढून शेजारी बसले. चष्मा खिशात होता, काढला नाही. म्हणाले, "डोळे दुखून राह्यले. मोठ्यानं वाच."
वाचला. एका जागी म्हणाले, "परत." परत वाचलं.
कुणाचं आहे, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.