पहिला मासा पाण्याचा

राहुरी,
ता. १९ मे १९७१

प्रिय दया हिस दादाचा सप्रेम सलाम.

आम्ही सर्व प्रभूच्या कृपेने खुशाल आहोत, तुम्हीही असाल. पाकिटावरचं अक्षर बघून आधी तुझ्या छातीत धस्स झालं असेल. घाबरू नकोस, कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही. सात वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, त्यामुळे माझं साधं पत्रही तुला तारेसारखं वाटणार, हे मला कळतं.

इकडे ऊन मरणाचं आहे. तुझ्या वहिनीच्या कुरडया घालून झाल्या, आता गच्चीवरचे कावळे हाकलणं चालू आहे. शाळेला सुटी. सुटीत मास्तर घरात असला की बाईमाणसाला जाच होतो असं तिचं म्हणणं, म्हणून मी दोघा मित्रांबरोबर चार दिवस फिरायला गेलो, तर तिने हसत निरोप दिला.

मित्र म्हणजे दवाखान्यातला कंपाउंडर पुंजाराम आणि ऊसवाला कानिफनाथ. रविवारची उपासना आटोपली की आम्ही तिघं मुळेच्या डोहावर गळ टाकून बसतो. यंदा डोहात म्हशी बसतील एवढंच पाणी राहिलं. कानिफनाथ म्हणाला, "मास्तर, नदी आटली तर आटली. समुद्रावर जाऊ. त्यो काय आटतोय व्हय?" तिघांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. पुण्याहून पेण, पेणहून पुढे, असं गाड्या बदलत, फिरत फिरत आम्ही तुमच्या बाजूला येऊन पोचलो.

बरोबर काय नेलं असेल सांग. गांडुळं. बाबांचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवतो ना, झाकणाला खिळ्याने भोकं पाडलेला? त्यात कालव्याकाठची ओली माती आणि मूठभर गांडुळं. पुंजारामने तो दोन दिवस मांडीवर सांभाळला. कंडक्टरने विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "औषध हाय." कंपाउंडरच तो, त्याच्यावर विश्वास बसतो.

बंदरावर होडी ठरवली. होडीवाल्याने झाकण उघडून पाहिलं आणि इतका हसला की त्याला वल्हं खाली ठेवावं लागलं. "मास्तर, ही खाऱ्या पान्यान कशी जगतील? मीठ लागला का मेली." त्याने आम्हांला गळाला लावायला कोळंबी दिली. गांडुळं त्याने फेकली मात्र नाहीत. डबा सावलीत, फळीखाली सरकवून ठेवला. माणूस मला तिथेच आवडला.

खाडीच्या तोंडाशी, खडकांच्या आडोशाला होडी थांबली. कानिफनाथ, जो यात्रेत ज्वारीचं पोतं दातांत धरून उचलतो, तो आडवा झाला आणि डोळे मिटून म्हणाला, "मला हितंच उतरवा." होडीवाला म्हणाला, "उतरा की. चार पुरुष पानी हाय." मग त्याने कानिफनाथला लिंबू चोखायला दिलं, डोक्यावर ओला पंचा टाकला आणि सांगितलं, की लाटांकडे बघू नका, डोंगराकडे बघा. थोड्या वेळाने आमचा पैलवान उठून बसला आणि भाकरी मागू लागला.

दया, मी फार सुखात होतो. पाणी एवढं मोठं असतं हे भूगोलात शिकवणं वेगळं. ऊन तेच, पण वारा अंगाला लागत होता. पुंजाराम भजन गुणगुणत होता आणि कुणालाच काही बोलायची घाई नव्हती. असा दिवस मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

आणि माझ्या दोरीला हिसका बसला. हाताएवढा ढोमा. वर आला तो गुरगुरतच आला. मासा बोलतो हे मला नवीन होतं. मी त्याला गळातून सोडवलं आणि काही विचार न करता परत पाण्यात सोडून दिलं. तोंडातून निघूनही गेलं, "पहिला मासा पाण्याचा."

पुंजारामने कपाळाला हात लावला. होडीवाला हसला नाही. दोरी गुंडाळायचा थांबला आणि म्हणाला, "मास्तर, ही तुमच्या तिकडची रीत काय? आमचे घरान बायकोपन पहिला सोडायला लावते. मी कोळी. सगळा बंदर हसतो मला. सात वर्सां सोडतोय."

मी म्हटलं, "हो, नगरकडे सगळेच सोडतात."

त्यावर कानिफनाथ लिंबू चोखत बोलला, "न्हाई बा. आमच्यात असलं काय न्हाई. हे फकस्त मास्तरच करत्यात, आन् त्यांचं वडील करायचे."

होडीवाल्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग दिवसभर मला जिथे मासा लागेल तीच जागा दाखवत राहिला.

तर दया, आम्ही फिरत फिरत पोचलो नव्हतो. गावाचं नाव मीच काढलं. तू दर नाताळला पत्र पाठवतेस, ती सगळी माझ्या पेटीत आहेत. मागचा पत्ता मला तोंडपाठ आहे. बंदरावर चार होड्या होत्या, मी हिराजी नाखवाचीच विचारली. तो तुझा नवरा आहे हे मला माहीत होतं, मी कोण हे त्याला मी सांगितलं नाही. तिकडे नर्सबाई होऊन गेलेल्या माझ्या बहिणीने जात, धर्म, जिल्हा सोडून ज्याच्याशी लग्न केलं, तो माणूस लांबूनच एकदा पाहावा, एवढंच मनात होतं. तसं मी स्वतःला सांगितलं होतं.

होडी किनाऱ्याला लागल्यावर त्याने बोट दाखवलं. "तो निला दरवाजा. चाय घेऊन जा." दारापुढे तू मासे वाळत घालत होतीस. एक लहान मुलगी तुझ्या पदराला धरून होती. तू वाकताना कमरेवर हात ठेवलास, अगदी आईसारखा. मी त्याला म्हटलं, एस.टी. चुकेल. एस.टी.ला दोन तास होते. ते दोन तास आम्ही स्टँडवर बसून काढले. कानिफनाथ एकदाच म्हणाला, "मास्तर, ती तुमची भन हुती ना?" मी हो म्हटलं.

आता जे सांगायचं म्हणून हे पत्र लिहायला बसलो ते लिहितो. बाबा गेले तेव्हा तार उशिरा पोचली, असं मी तुला दफनभूमीत सांगितलं. तार उशिरा पोचली नाही. मी ती उशिरा केली. शेवटच्या मंगळवारी बाबांनी तुझ्याबद्दल दोनदा विचारलं, "दया आली का?" मी म्हटलं, तार गेली आहे. ती गेली नव्हती. त्यांच्या नावाने मी तुझ्याशी भांडलो होतो, आणि त्यांनी तर तुला कधीच माफ करून टाकलं होतं. ते तुझ्या डोक्यावर हात ठेवताना मला बघवलं नसतं. तू दोन दिवसांनी आलीस, मातीवर फुलं ठेवलीस आणि माझ्या घरचं पाणीही न पिता गेलीस. मी थांब म्हणालो नाही.

त्या मंगळवारी ते आणखी एक बोलले होते, तेही मी तुझ्यापासून लपवलं. ते तुझं आहे, म्हणून आज देतो. ते म्हणाले, "कृपा, पोरगी तिकडं समुद्रातबी पयला मासा सोडत आसंल का रं?" मी उत्तर दिलं नव्हतं. आता उत्तर मला माहीत आहे, पण सांगायला ते नाहीत.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो. दया, मला माफ कर.

बाबांचा डबा होडीत राहिला. पुंजाराम हळहळला, म्हणाला विसरलात. विसरलो नाही. फळीखाली होता तिथेच राहू दिला. झाकणावरची भोकं तू ओळखली असशील, खिळा बाबांनी धरला होता आणि हातोडी तुझ्या हातात होती. माझं तोंड बघायचं नसेल तर तो पोस्टाने पाठवून दे. मी समजेन, आणि तुला बोल लावणार नाही.

डबा आला नाही, तर शाळा उघडायच्या आत मी तो न्यायला येतो. एकटा. चहा पिऊनच निघेन, एस.टी. चुकली तर चुकली.

मुलीचं नाव तू पत्रात लिहिलं होतंस, मरिया. तुझ्या वहिनीचंच नाव ठेवलंस, आणि आम्ही पोचही दिली नाही. ते वाचून तुझी वहिनी चुलीपुढे रडली होती. पोरीला मामाचा पापा.

दाजींना माझा सलाम सांग. त्या दिवशी होडीत तो करायचा राहिला.

डब्याची वाट न बघणारा,
तुझा दादा,
कृपादान