भावनाकाकूंच्या कॅलेंडरातला बोल्ट

अंबरनाथ, मागची खोली

प्रिय बाबा,

तुम्ही बाहेर पेपर वाचताय आणि मी आत बसून तुम्हाला पत्र लिहितेय, हे मलाच विचित्र वाटतंय. मध्ये फक्त एक दार आहे. पण जे सांगायचंय ते या घरात मोठ्याने सांगितलं तर शेजारी भावनाकाकूंच्या स्वयंपाकघरात पोचतं, आणि हळू सांगितलं तर तुम्ही "चालेल" म्हणता. म्हणून लिहिते. फोमपासून सुरुवात करते, कारण मला कळलं ते फोममुळेच.

ऑडिओबुकवाल्यांनी माझा पहिला नमुना परत पाठवला होता. आवाज छान आहे, पण विहिरीतून आल्यासारखा वाटतो, असं त्यांचं म्हणणं. वीस तारखेपर्यंत दुसरा पाठवायचा होता. विहीर म्हणजे आपली मागची खोली. आवाज मात्र तुमचा. शिवमंदिराच्या यात्रेत हरवलेल्या मुलांच्या घोषणा तुम्ही बावीस वर्षं केल्यात, आणि मी सात वर्षांची असताना जेवणाच्या टेबलापाशी माईक म्हणून हातात पळी देऊन मला शिकवलंत. निळा फ्रॉक, पांढरे मोजे, नाव सांगता येत नाही. वाक्याचा शेवट पाडायचा नाही. आणि मुलाचं नाव घेतल्यावर मनात दोन मोजायचे, कारण आईला मान वळवायला तेवढा वेळ लागतो. मी शिकले ते एवढंच. गेल्या वर्षी तुम्ही गुडघ्यांचं कारण सांगून माईक सोडलात. घोषणा बसून करतात, त्यामुळे त्यात गुडघे कुठे आले हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

तर फोम. मी रीतसर विचारलं होतं, "बाबा, भिंतीला फोम चिकटवला तर चालेल का? रंग निघू शकतो." तुम्ही पेपरातून मान वर करून "चालेल" म्हणालात. मी ते तारखेसकट वहीत लिहून ठेवलं.

फोम आला तो पापडासारखा दाबलेला. उघडून दोन दिवस मोकळा ठेवा, आपोआप फुगेल, असं पाकिटावर होतं. चोवीस काळे चौकोन मी बाल्कनीत मांडले. पहिल्या दिवशी ते फुगले नाहीत, तेव्हा आईने त्यांच्यावर तुमची शाल पांघरली. इडलीच्या पिठालाही ऊब लागते म्हणाली. दुसऱ्या दिवशी ते फुगले आणि तेव्हापासून फोमच्या बाबतीत आई कुणाचं ऐकत नाही.

मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली, पट्टीने रेघा आखल्या, प्रत्येक चौकोन मनात शंभर मोजेपर्यंत दाबून धरला. पण दर दिवाळीला तुम्ही स्वतः डिस्टेंपर मारता. टेप डिस्टेंपरला घट्ट धरून राहिली, डिस्टेंपर भिंतीला धरून राहायला तयार नव्हता. कथेतले आजोबा प्राण सोडत असतानाच पहिला तुकडा माईकवर पडला. त्या रेकॉर्डिंगमध्ये आजोबांपेक्षा माझी किंकाळी जास्त खरी वाटते. संध्याकाळपर्यंत अकरा पडले आणि भिंतीवर आपल्या सगळ्या दिवाळ्या दिसायला लागल्या, वर पिस्ता, खाली आकाशी, त्याखाली तो गुलाबी, जो आणल्याचं तुम्ही आजही कबूल करत नाही.

तुम्ही दारात उभे राहून विचारलंत, "हे कुणाला विचारून केलंस?" मी वही आणली. कंपनीत कुणी खोटी सही केली की तुम्ही जसे बघत असाल, तसं वहीकडे बघून म्हणालात, "मी असं म्हणणं शक्यच नाही." दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही. आपल्या दोघांपैकी एक जण खोटं बोलत होतं, आणि मी तर लिहून ठेवलं होतं.

मग मी उल्हासनगरला सोफ्याचं सामान मिळतं त्या दुकानात गेले. शेठ म्हणाले, "बेटी, सोफा कितने सीटर का?" सोफा नाही, भिंत आहे म्हटल्यावर म्हणाले, "दीवार पे बैठेगा कौन?" पण नंतर ते स्टुलावरून उठून नीट समजावायला लागले. "टेप छोड. फोम को प्लाय पे चिपका, फिर प्लाय को टांग. निकालना हो तो पूरा निकलेगा, दीवार को पता भी नहीं चलेगा." चिकटवायचं सोल्यूशन फोम आणि प्लाय दोन्हीकडे लावायचं, दहा मिनिटं वाळू द्यायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मग दाबायचं. मी घड्याळ लावून केलं. एकही कोपरा उचलला गेला नाही.

पण प्लाय टांगायचा म्हटल्यावर तुमच्यातला आनंदनगरच्या कंपनीतला मेंटेनन्सवाला जागा झाला. स्क्रूने काय होतंय, बोल्ट लागेल, म्हणालात. ड्रिलच्या पात्याला मी दोन इंचांवर खुणेची पट्टी गुंडाळली होती. पट्टीपाशी आल्यावर मी "बास" म्हटलं. पट्टी भिंतीत घुसायला लागली तेव्हा "बाबा, बास" म्हटलं. तिसऱ्यांदा "अहो, बास" असं भिंतीपलीकडून भावनाकाकू म्हणाल्या. पातं त्यांच्या कॅलेंडरातून, गॅस लावल्याची तारीख लिहिली होती बरोबर तिथून, बाहेर आलं होतं.

"ड्रिलच्या आवाजात माणसाला ऐकू कसं येणार?" असं तुम्ही काकूंना विचारलंत. त्यांनाही ते पटलं, मलाही पटलं. काकूंना मात्र ड्रिल चालू असताना, भिंतीच्या पलीकडे, माझं ऐकू आलं होतं, हे माझ्या दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना लक्षात आलं.

भोक बुजवतील ते तुम्ही कसले. तुम्ही बोल्ट आरपार घातलात आणि काकूंच्या बाजूने वॉशर लावून नट आवळलात. "आता भूकंप झाला तरी हलणार नाही." खरंय, हलत नाही. काकूंनी त्या बोल्टला चहाची गाळणी अडकवली. आता खोली इतकी शांत झाली आहे की जगातला एकच आवाज माझ्या माईकपर्यंत पोचतो, तो त्या गाळणीचा. म्हणून काकू अकरा ते एक चहा करत नाहीत, आणि रेकॉर्डिंग आम्ही दोघी मिळून करतो असं जिन्यात सगळ्यांना सांगतात.

नमुना पास झाला, बाबा. काम मिळालं. हे मी काल तुम्हाला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "चालेल." आई म्हणाली, "लग्नापासून असेच आहेत." मला आठवतंय, तुम्ही असे नव्हतात.

परवा तुम्ही बोल्ट बघायला आत आलात. मी तुमच्याकडे पाठ करून स्वतःशीच पुटपुटले, "काकूंकडचा नट सैल झालाय वाटतं." तुम्ही लगेच म्हणालात, "दोन आटे फिरवतो." नट सैल नव्हता, पण माझं पुटपुटणं तुम्हाला ऐकू आलं होतं. मग मी तुम्हाला न विचारता तीन वेळा तुमची परीक्षा घेतली, दर वेळी आवाज आणखी खाली आणून. त्याबद्दल माफ करा. तिन्ही वेळा तुम्ही उत्तर दिलंत. जाताना म्हणालात, "या खोलीत तुझा आवाज सुधारलाय." माझा आवाज तोच आहे. इथे भिंती मध्ये बोलत नाहीत, एवढंच. बाकी घरात भिंती बोलतात, भांडी बोलतात, आणि त्यातून आमचं बोलणं निवडून काढता काढता तुम्ही दमता. दमलात की "चालेल" म्हणता. किती दिवस असं चाललंय, ते तुम्हालाच माहीत.

आता दोनच गोष्टी, ज्यांच्यासाठी हे पत्र लिहिलं. रविवारी यात्रा समितीचा आकाश आला होता. तुमच्यानंतर ज्याला माईक दिला तो मुलांची नावं घाईने घेतो, लोकांना वळायला वेळच मिळत नाही, म्हणून काकांनी परत यावं, असं तो म्हणाला. तुम्ही "चालेल" म्हणालात आणि तो खुशीत गेला. तुम्ही काय कबूल केलंत ते तुमच्यापर्यंत पोचलं होतं का, मला माहीत नाही. दुसरं, गुरुवारी साडेदहाला बदलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे मी तुमचं नाव लावलंय. आईला सांगितलेलं नाही. मी बरोबर येईन, आणि यंत्र घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. दोन्हींचं उत्तर हवंय. "नाही" म्हणालात तरी मी वाद घालणार नाही. फक्त "चालेल" सोडून काहीही म्हणा. वाचून झालं की आत या आणि दार लावून घ्या. मी तुमच्याकडे पाठ करून बसलेली असेन. अगदी हळू "बाबा" म्हणेन, आणि मनात दोन मोजेन.

तुमच्याच आवाजाची,
तुमचीच राजसी