सीबच्या सूकातले दोन मुसर

सीब (मस्कत), ८ फेब्रुवारी २०२६

चि. यशश्रीस, अ. उ. आ.

मस्कतला निघताना तुझ्या आजोबांनी, आप्पांनी, मला एकच सांगितलं होतं, की परमुलखात कमी बोलावं. इतकी वर्षं मी ते पाळते आहे. (हे वाचून तुझे बाबा उगाच खोकले.)

तुझ्या मैत्रिणीच्या, खतिजाच्या चौकशीचं कळलं. परदेशी विद्यार्थ्याने दहशतवादी संघटनेला पाठिंबा दिला तर विद्यापीठातून काढायचं आणि व्हिसाही जायचा, असा कायदा तुमच्या राज्यात झालाय म्हणे. कायद्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण युद्धात गेलेल्या मुलांसाठी मेणबत्ती लावणारी पोर त्यात कशी अडकली? तू मात्र साक्षीला जाऊ नकोस. तूही तिथे व्हिसावरच आहेस, बाळा.

जेवत जा. माया आहेच, ती वेगळी सांगत नाही.

आई

११ फेब्रुवारी

ती. आईस, सा. न.

मराठीच्या चुका पोटात घाल. तू कमी बोलतेस हे वाचून मीपण खोकले. एसी दुरुस्त होईपर्यंत घरमालकाच्या हॉलमध्ये ठाण मांडून बसली ती कोण होती?

आणि खतिजा अडकली ती तुझ्यामुळे! तिच्या गळ्यातलं कापड एका दहशतवादी संघटनेचं आहे, अशी कोणीतरी फोटोसकट तक्रार केली. ते कापड म्हणजे तू सूकच्या बाजारातून आणलेला मुसर. ओमानी पुरुष डोक्याला बांधतात तो तू आम्हा दोघींना मफलर म्हणून दिलास. तोही एका ओमानी मुलीला! ती पोट धरून हसली होती. पण आंटीने दिला म्हणून रोज घालते.

पुढच्या गुरुवारी सुनावणी आहे. जोडीचा मुसर माझ्याकडे आहे, म्हणून मी जाणार. रागावू नकोस, रागावलीस तर थोडंच.

तुझी यशू

१३ फेब्रुवारी

चि. यशूस, अ. उ. आ.

सूकात जाऊन आले. दुकानदार जहूरने तेव्हाच विचारलं होतं, साहेबांसाठी का म्हणून. घासाघीस अडू नये म्हणून मी मान डोलावली होती. आज सगळं सांगितल्यावर तो आधी हसला, मग लगबगीने उठला. तशाच मुसरांच्या गठ्ठ्याशेजारी उभं राहून त्याने फोटो काढू दिला. सोबत पाठवते, तिथे दाखव.

तर जा. केस नीट बांध, खतिजाच्या शेजारी बस.

फक्त एक कर. मला तिथे व्हिडिओवर घे. कापड मी आणलं, तर साक्षही माझीच. माझ्या इंग्रजीने तुला लाज वाटेल, आप्पा असते तर त्यांनी कपाळाला हात लावला असता. तू नाहीच म्हणणार, ठाऊक आहे. तरी घेशील का?

तुझी कमी बोलणारी,
आई