डावा सुळा

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. दानेश्वरी हिस,

अप्पाचा आशीर्वाद, आणि पोटातल्याला वेगळा. आम्ही दोघं ठीक. थंडीनं आईचा गुडघा धरलाय, पण कुंची शिवून झाली, आता झबली चालू आहेत. महेश्वररावांना आशीर्वाद, विहीणबाईंना नमस्कार सांग.

आधी मी माझ्या हातानं काय काय केलं ते लिहितो. शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारं पॉलिशचं मशीन. ओल्या प्लॅस्टरमधले बुडबुडे काढायचा थरथरता पाट, तुझ्या आईच्या जळक्या मिक्सरपासून. वरचा-खालचा जबडा मिटवून बघायचा सांगाडा, दाराच्या बिजागरीचा. विकतचा घेतल्यावरही मी तोच वापरतो, कारण तो हलत नाही. तुझा पाळणा. आणि कवळ्या. किती, ते मोजलं नाही. कुणापाशी शिकलो नाही हे तुला माहीतच आहे. कुणाची तरी तुटकी कवळी करवतीनं उभी कापली, आत काय आहे ते बघितलं आणि बसलो करायला. शिवप्पाची कवळी घालून म्हातारी माणसं ऊस खातात असं गावात म्हणतात. ऊस खाऊ नये, मी प्रत्येकाला सांगतो. तरी खातात.

या सगळ्यातली एकच वस्तू परत घ्यावीशी वाटते, आणि ती घेता येत नाही.

पण आधी तुझे दात. फोनवर तू "बरं अप्पा, बरं अप्पा" म्हणतेस आणि कुंचीचा रंग विचारतेस. तुझा फोन स्वयंपाकघरात स्पीकरवर असतो हे मला कळतं, मागं फोडणी ऐकू येते. म्हणून कागदावर लिहितोय. एकटी असताना वाच.

रक्त येतं म्हणून तू घासणं बंद केलंस, हे चूक. घासल्यामुळं रक्त येत नाही. हिरडीच्या कडेला घाण साचते म्हणून येतं, आणि या दिवसांत हिरडी नेहमीपेक्षा हळवी असते, थोडक्यावर सुजते. मऊ ब्रश घे, सकाळ-रात्र घास, हिरडीच्या कडेनं, जोर न लावता. उलटी झाल्या झाल्या घासू नको. तोंडात आंबट असतं तेव्हा दातावरचा थर मऊ पडलेला असतो. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भर आणि अर्ध्या तासानं घास. विहीणबाई प्रेमानं मिश्री देतील, ती लावू नको. त्यात तंबाखू आहे, ती बाळापर्यंत जाते.

त्या म्हणतात ना, "एका लेकरामागं एक दात जायचाच, त्यात काय एवढं?" माझी आजीही हेच म्हणायची, आणि तिचं तोंड मोकळं होतं. पण दात लेकरू नेत नाही. या काळात दाताला हात लावायचा नाही म्हणून बायका गप्प सोसत राहतात आणि हिरडी आतून जाते, त्यानं दात जातो. मी डॉक्टर नाही. मी दात करतो, बघत नाही. म्हणून ज्यांच्यासाठी काम करतो त्या डॉक्टर उत्कर्षाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "शिवप्पा, पाचवा महिना म्हणजे दातांच्या कामाला सगळ्यात सोयीचा. साफ करता येतात, लागलंच तर भूल देऊन कामही करता येतं. फक्त गरोदर आहे हे तिनं आधी सांगायचं. सुळ्याजवळ लाल गाठ म्हणताय ना? अशी गाठ या दिवसांत येते, बहुतेक वेळा बाळंतपणानंतर आपोआप बसते. पण बघितल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. आणि ताप आला, गाल सुजला, तर त्याच दिवशी दाखवायचं."

मग मी विचारलं, तोंडात मातीची चव येते, ती कशामुळं? त्या म्हणाल्या, या दिवसांत चवी बदलतात. कुणाला लोखंडासारखं लागतं, कुणाला राखेसारखं. काळजीचं नाही.

दानू, दिवाळीच्या फोनवर तू म्हणालीस, "अप्पा, मी माती खाल्लेली नाही हो, पण सकाळी चूळ भरली की तोंडात मातीच असते. ओली." आणि मग विचारलंस, "तुम्ही गप्प का झालात?" मी रेंज नाही म्हणालो. रेंज होती.

वळसंगच्या निंगव्वा म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या. तोंडात एक दात नाही. माप डॉक्टरांनीच घेतलं होतं, दात कसे हवेत ते ठरवायला त्यांना माझ्याकडं पाठवलं. श्रावणातली गोष्ट. सोबत मुलगा सिद्धप्पा. म्हातारी मोठी तोंडाळ. मी तयार दातांचे नमुने पुढं ठेवले तर म्हणाली, "हे काय रे, भुईमुगाचे दाणे हायेत व्हय?" मी म्हणालो, या वयाला हेच शोभतात. त्यावर म्हणाली, "वय तुजं तू बघ. मला म्हातारीचे दात नकोत. म्हातारी तर मी हायच की, त्याला दात कशाला पायजेत?" सिद्धप्पा सुद्धा हसला.

मग तिचं लक्ष फळीवर गेलं. लग्नाआधी हौस म्हणून मी तुझ्या दातांचा प्लॅस्टरचा साचा काढला होता ना, तो तिथं असतो. म्हातारी उठली, तो दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर बोट फिरवत राहिली. "कुणाचं हे?" म्हटलं, लेकीचं. "लई देखणं हाय. असंच दे मला." मी म्हणालो, जमेल. तेव्हा तुझ्या डाव्या सुळ्यावर नख ठेवून म्हणाली, "ह्यो जरा वाकडा हाय. ह्यो बी असाच पायजे. सरळ करू नगंस."

माझी चूक म्हणशील तर ही, की मला ते आव्हान वाटलं. म्हातारीच्या जबड्यात पोरीचे दात बसवणं सोपं नाही. दुसऱ्या कुणी तो सुळा अंदाजानं तिरका लावला असता. मी तुझा साचा पुढं ठेवून एकेक दात घासला आणि मेणात लावला, सुळ्याचा तिरकेपणा कॅलिपरनं मोजून जुळवला. वीस वर्षांत इतकं अचूक काम माझ्या हातून झालं नव्हतं. फळीवर दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा तुझी आई म्हणाली, "अगोबाई, दानू दोनदा हसतीय." तिला फक्त एवढंच माहीत आहे. पुढचं तिला सांगू नको.

दसऱ्यानंतर सिद्धप्पाचा फोन आला. कवळी न्यायला येणार होते त्याच सकाळी म्हातारी गेली. मी वाईट वाटलं म्हणालो. तो म्हणाला, "तुमी कवळी घेऊन या की. अव्वाची लई इच्छा होती."

आपल्यात माणसाला बसवून मूठमाती देतात, तुला सांगायला नको. भिंतीला टेकवून बसवलेलं, कपाळाला विभूती, गळ्यात हार, सगळं गाव चेहरा बघून जातं. बिनदाताचा चेहरा बसवला की गाल आत जातात. मुलांना ते बघवत नाही. असं काम मी पूर्वीही केलं आहे, ते मला वावगं वाटत नाही. मी गेलो. ओसरीवर बसवली होती. पुढं बायका कन्नड भजन म्हणत होत्या. पोरांच्यानं तोंड उघडेना, म्हणून मीच पुढं झालो.

वरची कवळी बसली. खालची सरकवली. अंगठा काढायच्या आत जबडा मिटला. मेलेल्या माणसाचा जबडा आखडतो हे मला माहीत आहे, त्याचं कारणही माहीत आहे. पण आखडलेला जबडा असतो तिथं राहतो, तो मिटत नाही. माझ्या अंगठ्यावर सुळ्याची खूण उठली. तिरकी.

गाल भरले, ओठ वर गेले. भजन म्हणणारी एक बाई म्हणाली, "हसतीया बघ निंगव्वा." मी बघितलं. ती हसत नव्हती, दानू. तू हसत होतीस. बारावीचा निकाल घेऊन दारात उभी होतीस, तशी.

तशीच तिला खड्ड्यात उतरवलं.

नंतर दिवाळीचा तुझा फोन. रक्त कुठून येतं विचारलं तर म्हणालीस, डाव्या सुळ्यापाशी. गाठ कुठं? तिथंच. वर ती मातीची चव. मी तुला म्हातारीबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

मी अंधश्रद्धेचा माणूस नाही. लिंबू-मिरची मी दुकानाला लावत नाही. डॉक्टर म्हणाल्या ते मला पटतं. तुझी हिरडी गरोदरपणामुळं सुजली आहे, आणि घासणं बंद केल्यानं वाढली आहे. तरी परवा मी तुझा साचा खाली घेतला. प्लॅस्टर वाढत नाही. सुळ्यापाशी कॅलिपर लावलं, माप पहिल्या दिवशी होतं तेच. पुन्हा लावलं, तेच. पण डोळे मिटून बोट फिरवलं की तिथं उंचवटा लागतो. मऊ. डोळे उघडून फिरवलं की लागत नाही.

आज दुपारी सिद्धप्पा दुकानात आला. कवळीचे पैसे द्यायचे होते, ते दिले. मग बसून राहिला. चहा मागवला तर पिईना. शेवटी म्हणाला, "अव्वा येतीया."

"कुठं?"

"माज्या बायकोच्या स्वप्नात. रोज. म्हणती वरचं झ्याक बसलंय, खालचं हलतंय. शिवप्पाकडनं त्या पोरीचा साचा आणा म्हणती. शेजारी ठेवला की बसंल."

मी म्हणालो, कवळी हलते तर ती माझी चूक नाही, हिरडी आटली की हलते. असं मी सगळ्यांना सांगतो. तोंडातून निघून गेलं. तो हळूच म्हणाला, "अण्णा, माजी बायकूबी पोटुशी हाय. तिला झोप न्हाय. द्या की. नुसतं प्लॅस्टर तर हाय."

खरंच नुसतं प्लॅस्टर आहे. मी दुसरं काढू शकतो. त्याच्या बायकोची दया मला आली, अजून येते. डॉक्टरांचा पत्ता दिला, तिलाही घेऊन जा म्हणालो. पण साचा दिला नाही. त्यानं रुमालाची गाठ सोडून नोटा पुढं ठेवल्या, मी त्या पुन्हा बांधून त्याच्या हातात दिल्या. तो रागावला नाही. दारात चपला घालताना म्हणाला, "अव्वा म्हणलीच हुती, तुमी न्हाई म्हणाल."

मग काय करायचं ते तिनं सांगितलं होतं का, हे मी विचारलं नाही.

आता तुझ्याकडं एक मागणं. गुरुवारी सकाळच्या गाडीनं मी कलबुर्गीला येतोय. उत्कर्षाताईंनी तिथल्या एका बाई डॉक्टरांचं नाव दिलंय, अकराची वेळ घेतली आहे. विहीणबाईंची समजूत मी काढतो, त्यांना बरोबरच घेऊ. दात साफ करून घ्यायचे आणि ती गाठ कुणातरी शिकलेल्या माणसाच्या डोळ्यांनी बघायची, एवढंच. ती नेहमीची आहे, बसेल, असं त्यांनी माझ्यासमोर म्हणावं. मला ते ऐकायचं आहे. तोवर दोन वेळा घास. रक्त आलं तरी घास. आणि चुळीत माती लागली तर गिळू नको, थुंक.

साचा मी पिशवीत घालून बरोबर आणतोय. दुकानात एकटा ठेवणार नाही.

नुसत्या प्लॅस्टरचे एकावन्न हजार रुपये आज दुपारी नको म्हणालेला,

तुझा अप्पा