नाताळची वाइन आणि तुमचं पातेलं

भिवंडी,
नाताळचा दुसरा दिवस

प्रिय आई,

तुम्ही देवाघरी गेल्यापासूनचा हा पहिला नाताळ. समोरच्या खोलीतल्या वसईच्या फिलोमिनाबाई काल नेहमीप्रमाणे घरची द्राक्षाची वाइन घेऊन आल्या, आणि दारात बाटली घेतली ती तुमच्या लेकानं. मी मोरीत भांडी घासत होते. पुढं जे झालं ते तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

खरं सांगते, त्यांनी पहिल्या वर्षी वाइन आणली तेव्हा मी तुमच्यावर फार चिडले होते. यांची दारू सुटून जेमतेम वर्ष झालेलं, कामतघरला कापडाच्या लूमवर कशीबशी पुन्हा ड्युटी मिळालेली, आणि तुम्ही ती बाटली हसत हसत घेतलीत! मी कुजबुजले, "आई, ही दारूच की." तुम्ही म्हणालात, "शेजारनीचा मान ठेवायचा. मी हाय ना."

मग अख्खी बाटली पातेल्यात ओतून स्टोव्हवर चढवलीत. वर दालचिनी, लवंग, सुंठ, मिरी, संत्र्याची साल, गूळ. तुमच्या अंजूर गावाला काढा चौथा हिस्सा उरेपर्यंत आटवतात, म्हणून हिलाही तोच न्याय, मधूनमधून काडी बुडवून किती उरलं ते बघत. फिलोमिनाबाईंचा जीव तीळतीळ तुटत होता. "अहो, नुसती गरम करायची असते. उकळून तिच्यातलं सगळं उडून जातं."

"जायचं ते जाईल. ऱ्हायचं ते औषध हाय."

लवंग घशाला, सुंठ कफाला, दालचिनी अंगात ऊब यायला, साल पोटाला. तुमचं हे पाठच होतं. यांचा लूमच्या धुळीचा खोकला त्यानं गेला का? कसला जातोय. पण घसा मोकळा व्हायचा, हे कबूल. दर नाताळला माझ्या मनात मात्र एकच यायचं, आई आहेत तोवर ठीक, पुढं काय?

तर काल हे बाटली घेऊन सरळ ओट्याशी गेले. बूच काढलं. मी खरकट्या हातांनी तशीच उभी. यांनी तुमचं पातेलं काढलं, त्यात ओतली आणि विचारलं, "सुंठ कुठं ठेवतेस गं?"

मी डबा दिला. उकळी आली तसं यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. म्हणाले, "वास अजून ओढतो. म्हणून आई मला तेवढा वेळ बाहेर पिटाळायची. आज तू थांब इथं."

थांबले. पार आटेपर्यंत. लवंगा जास्त पडल्या होत्या, दोघांनी तोंडं वाकडी करत अर्धा अर्धा कप घेतला. मग मी मोरीत जाऊन पोटभर रडले. किती वर्षांनी इतकं हलकं वाटलं, आई.

आता एक शब्द देते. हे ड्युटीवरून आले की पाणी द्यायच्या निमित्तानं मी रोज अगदी जवळ जायचे, तोंडाचा वास घ्यायला. यांना ते ठाऊक होतं. कधी बोलले नाहीत. आजपासून नुसतं पाणी देईन.

तुमची सून,
सुमन